मधमाश्या न मारणारा पाद्री

गेल्या एप्रिलमध्ये माझी एक मधपेटी मी स्वतःच्या हाताने जाळली. माश्यांसकट, मधासकट.

आम्ही राहतो पुकेकोहेला, ऑकलंडच्या दक्षिणेला. कांद्या-बटाट्याची तांबडी माती, आसपास गुजराती-पंजाबी बागायतदार आणि आमच्या घरामागे एक एकराचा तुकडा. त्यात मी हौसेने तीन मधपेट्या ठेवल्या होत्या. एप्रिल म्हणजे इथली पानगळ. थंडी पडायच्या आत प्रत्येक पेटी उघडून एकेक चौकट उचलून बघायची असते. त्या दिवशी मधल्या पेटीत अळ्यांच्या घरांवरची काही झाकणं आत गेलेली दिसली, काहींना भोकं, आणि एक कुबट वास. आगकाडी घेतली, एका घरात खुपसली आणि हळूच बाहेर ओढली. तिळगुळाचा पाक तार धरतो ना, तशी कॉफीच्या रंगाची तार काडीबरोबर आली. अमेरिकन फाउलब्रूड! अळ्या कुजवणारा हा रोग. याचे बीजाणू लाकडात आणि मेणात दशकानुदशकं जिवंत राहतात. इथे त्यावर औषध द्यायला मनाई आहे. कळवायचं, आणि सात दिवसांच्या आत ती वसाहत नष्ट करायची. रोग आला कुठून? बहुधा मी वापरलेल्या जुन्या चौकटी स्वस्तात घेतल्या होत्या, त्यांतून. लोभ, दुसरं काय.

संध्याकाळी सगळ्या माश्या घरी परतल्या की पेटीचं दार बंद करायचं आणि झाकणाखाली पेट्रोल ओतायचं. गुणगुण काही मिनिटांत थांबते. मग खड्डा, आग आणि वर माती.

आबा खुर्ची टाकून हे सगळं बघत होते. सहा महिन्यांच्या व्हिसावर माझे आई-वडील आले होते. त्या रात्री आबा जेवताना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना एकदम सुरू झाले.

आमचं गाव जावळी खोऱ्यातलं. आबांचे वडील, म्हणजे आमचे तात्या, आग्या मोहोळ काढायचे हे मला माहीत होतं. कसं काढायचे ते नव्हतं. अंधारी रात्र बघून कड्यावर जायचं, ओल्या-सुक्या पाल्याची चूड पेटवायची आणि मोहोळाखाली धरायची. हजारो माश्या जळून ठिणग्यांसारख्या खाली पडायच्या. मग अख्खं पोळं कापायचं आणि फडक्यात घालून पिळायचं, मध आणि अळ्या एकत्रच. एका वर्षी तात्यांचा धाकटा भाऊ कड्यावरून गेला. माश्या अंगावर आल्या आणि दोराचा हात सुटला. चूड धरायला आबा होते, नऊ वर्षांचे. त्यानंतर आमच्या घरात मध आलाच नाही. पुढे महाबळेश्वरहून खादी ग्रामोद्योगाची माणसं सातेरी माशीच्या पेट्या घेऊन आसपासच्या गावांत यायला लागली, तेव्हा पहिल्या वर्षी त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. माश्या न मारता मध, हे लोकांना थापच वाटली, असं आबा म्हणाले.

आणि मग त्यांनी मला विचारलं, की इथल्या लोकांना हे पहिल्यांदा कुणी सांगितलं?

नाव मला माहीत होतं. इथे मधपाळांच्या बैठकीत ते कधीमधी निघतं. पण माणूस माहीत नव्हता. पुढचे दोन आठवडे मी तेच वाचत बसलो आणि रोज रात्री आबांना हप्त्याहप्त्याने सांगत गेलो. ते आता तुम्हालाही सांगतो.

विल्यम चार्ल्स कॉटन. जन्म ३० जानेवारी १८१३, लंडनजवळच्या लेटनस्टोनचा. घर खात्यापित्याचं म्हणणंसुद्धा कमीच, कारण वडील पुढे बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर झाले. शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्ड. अशा पोराने वकील व्हावं, पेढी सांभाळावी. हा पाद्री झाला आणि माश्यांच्या नादी लागला. ऑक्सफर्डमध्ये मधमाशीपालकांची एक संस्था निघाली, तिचा पहिला चिटणीस हाच.

त्या काळी इंग्लंडच्या खेड्यात माश्या कशा पाळायचे ते आधी समजून घेतलं पाहिजे, नाहीतर कॉटनचं म्हणणं कळत नाही. पेंढ्याची दोरी वळून केलेली एक टोपली असायची, आपली डालगी पालथी घालावी तशी. माश्या आत पोळी बांधायच्या, ती टोपलीला चिकटलेली. आत काय चाललंय ते बघायची सोय नाही. पानगळीत लोक टोपल्या उचलून वजन बघायचे. जी सर्वांत जड, तिच्यात मध भरपूर, म्हणून ती मारायची. जी सर्वांत हलकी, ती हिवाळा काढणार नाही, म्हणून तीही मारायची. जमिनीत खड्डा, त्यात गंधकात बुडवलेल्या चिंध्या पेटवलेल्या, वर टोपली. पाचदहा मिनिटांत सगळ्या माश्या खड्ड्यात. मधली, ना जड ना हलकी, तेवढी पुढच्या वर्षासाठी ठेवायची. म्हणजे गंमत बघा, जी वसाहत सर्वांत कष्टाळू तिलाच दरवर्षी फाशी! आबा यावर म्हणाले, की आपण तरी काय वेगळं करत होतो.

कॉटनने १८३८ च्या सुमारास खेड्यातल्या गरीब लोकांसाठी साध्या भाषेत पत्रवजा छोटी पुस्तकं लिहिली. सांगणं एकच: माश्या मारू नका. नुसता उपदेश नव्हता, रीत होती. पावसाळ्यात कुरणावर एक गोल पांढरं भूछत्र उगवतं, चेंडूसारखं, वाळलं की आतून भुकटी होते. ते वाळवून जाळलं की त्याच्या धुराने माश्या मरत नाहीत, थोडा वेळ गुंगतात. गुंगलेल्या माश्या हलक्या हाताने काढायच्या, त्यांची राणी बाजूला करायची, अंगावर गोड पाणी शिंपडायचं आणि शेजारच्या वसाहतीत मिसळून द्यायच्या. शुद्धीवर येईपर्यंत सगळ्यांचा वास एक झालेला असतो, त्यामुळे भांडण होत नाही. रिकाम्या टोपलीतला मध तुमचा. आणि दोन घरांचं एक घर झालं तरी हिवाळ्यात ते दुप्पट खात नाही, उलट दाटीने ऊब टिकते आणि वसंतात कामाला दुप्पट हात मिळतात. दुसरी युक्ती याहून सोपी: पेटीच्या माथ्याला भोक ठेवून वर एक छोटी पेटी बसवायची. राणी सहसा वर जात नाही, म्हणून तिथे अंडी नाहीत, अळ्या नाहीत, स्वच्छ मध. ती वरची पेटी तेवढी उचलून न्यायची.

माझ्या मागच्या अंगणातल्या पेटीतसुद्धा वरचा मजला मधाचा आणि खालचा पिल्लांचा, हीच वाटणी आहे. फक्त मध्ये एक जाळी असते, राणीला वर जाऊ न देणारी.

इथपर्यंतचा कॉटन म्हणजे एक हौशी, श्रीमंत घरचा, चांगल्या मनाचा तरुण. असे बरेच असतात. पण १८४१ मध्ये जॉर्ज ऑगस्टस सेल्विन न्यूझीलंडचा पहिला बिशप नेमला गेला आणि त्याच्याबरोबर जायला कॉटन निघाला. वय अठ्ठावीस. वाइतांगीचा करार होऊन तेव्हा पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. डिसेंबर १८४१ च्या अखेरीस टोमॅटिन नावाचं जहाज प्लिमथहून सुटलं, आणि मे १८४२ च्या शेवटी सेल्विन आणि तो ऑकलंडला उतरले. पाच महिने! आपण सिंगापूरच्या विमानतळावर चार तास बसावं लागलं तर किती कुरकुरतो.

निघण्याआधी त्याने माश्यांवरचं आपलं मोठं पुस्तक छापायला दिलं, ते १८४२ मध्ये निघालं. त्यात माश्या समुद्रापलीकडे कशा न्यायच्या याची योजना आहे, ती वाचताना मला मजा वाटली. पोळी एका मोठ्या पिंपात ठेवायची आणि भोवती बर्फ. गारठ्यात माश्या एकमेकींना चिकटून गोळा होतात, कमी खातात, बाहेर पडायची घाई करत नाहीत. विषुववृत्तावरून जाताना त्यांना उन्हाळा आला हे कळूच द्यायचं नाही. वेडेपणा वाटेल, पण माशीचा स्वभाव ओळखून केलेला हिशेब आहे तो.

इथे पहिल्या मधमाश्या आणण्याचा मान मात्र त्याचा नाही. तो मेरी बंबी नावाच्या बाईचा. भाऊ मिशनरी, त्याचं घर सांभाळायला ही आली आणि मार्च १८३९ मध्ये होकिआंगाच्या मिशनवर दोन टोपल्या माश्या घेऊन उतरली. न्यूझीलंडला स्वतःच्या माश्यांच्या जाती आहेत, पण त्या एकेकट्या राहतात, मध साठवत नाहीत. म्हणजे माओरी लोकांना मध ही वस्तूच नवी होती. आणि या नव्या माश्यांना तर हा देश म्हणजे माहेर झालं. थंडी सौम्य, शत्रू नाही, रोग नाही, रानात मानुका फुललेलं. थवे टोपल्या सोडून जंगलात पसरले आणि झाडांच्या ढोल्यांत राहू लागले.

कॉटन आधी उत्तरेला वायमाते इथे राहिला. सेल्विनने तिथे सेंट जॉन्स कॉलेज सुरू केलं. शाळा, शेती, दवाखाना, छापखाना, सगळं एकत्र. १८४४ मध्ये ते कॉलेज ऑकलंडजवळ आलं. सेल्विनबरोबर त्याने पायी आणि होडीतून उत्तर बेटाचा बराच भाग पालथा घातला. घरच्यांसाठी तो रोजनिशी लिहायचा. तिचे बारा खंड झाले. ते आज सिडनीच्या ग्रंथालयात आहेत. परदेशात आल्यावर पहिली काही वर्षं आपणही असंच करतो, नाही का? मी आईला लांबलचक ई-मेल लिहायचो. आता व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवतो.

बाकी वेळ माश्या. गोऱ्या वसाहतवाल्यांना शिकवायचं, माओरींना शिकवायचं. यातलं पहिलं काम जास्त अवघड असणार असं मला वाटतं, कारण इंग्लंडच्या खेड्यातून आलेल्या माणसाला गंधकाची सवय बापजाद्यांची. बापाने केलं ते चुकीचं, हे ऐकून घेणं कुणालाही जड जातं. माओरींना मोडायला जुनी सवयच नव्हती. ढोलीतला मध मात्र त्यांनी भराभर ओळखला. १८६० च्या दशकात रानातला मध विकायला आणणारे बरेचसे माओरीच होते.

डिसेंबर १८४७ मध्ये कॉटन परत निघाला. साडेपाच वर्षं झाली होती. त्यानंतर १८४८ मध्ये न्यूझीलंडच्या मधपाळांसाठी त्याने लिहिलेली माहितीपुस्तिका वेलिंग्टनला निघाली आणि १८४९ मध्ये कॉलेजच्या छापखान्यातून माओरी भाषेतलं पुस्तक: को ङा पी. ‘पी’ म्हणजे माशी. माओरीत ‘ब’ नाही, म्हणून इंग्रजी ‘बी’चं झालं ‘पी’. ज्या भाषेत दहा वर्षांपूर्वी मधमाशीला शब्द नव्हता, त्या भाषेत तिच्यावर पुस्तक! हे ऐकून आबा हसले. आमच्याकडे पेट्या आल्या तेव्हा हातात दिलेला कागद कसल्या भाषेत होता, हे त्यांना आठवत होतं. मराठीच, पण सरकारी. तो वाचून कुणाला काही उमगलं नाही. शेवटी एका कामगाराने पेटी उघडून दाखवली तेव्हा कळलं.

आता हेही बोललं पाहिजे, की कॉटन काही केवळ माश्यांसाठी आला नव्हता. धर्म शिकवायला आला होता, आणि त्या मागोमाग राज्य, जमिनीचे व्यवहार आणि पुढे युद्धं आली. माओरी मित्रांशी बोलताना मिशनऱ्यांचं गुणगान करत बसलो तर ते शांतपणे ऐकून घेतात, पण डोळ्यांत वेगळंच असतं. आपल्याला ते कळायला हवं. आपल्या आजोबांनीही साहेब पाहिला होता. तरी माश्यांपुरतं माझं मत असं, की या माणसाने समोरच्याच्या भाषेत, त्याच्या हाताला येईल अशी गोष्ट दिली.

पुढचं आयुष्य सुखाचं नाही. इंग्लंडला गेल्यावर त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही. मानसिक आजाराचे झटके येत, जात, पुन्हा येत. १८५७ मध्ये त्याला चेशर परगण्यातल्या फ्रॉडशॅमचं चर्च मिळालं. आजाराने पुष्कळ कामं अडली, तरी तिथला पाद्री तो शेवटपर्यंत राहिला. माश्या सुटल्या नाहीत. १८७२ मध्ये त्याने विल्हेल्म बुश या जर्मन चित्रकार-कवीची माश्यांवरची विनोदी पद्यकथा इंग्रजीत आणली. २२ जून १८७९ ला चिझिकच्या मनोरुग्णालयात तो गेला. लग्न, मुलंबाळं काही नाही. हा भाग सांगितला त्या रात्री आईने विचारलं, की शेवटी त्याच्याजवळ कोण होतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि एक गोष्ट राहून गेली होती, ती त्याच्या पुस्तकांत नाही. त्याच्या पद्धतीत माशी वाचत होती, पण पेटीच्या आत डोकावता येत नव्हतं. पोळं भिंतीला चिकटलेलंच. ते कोडं सुटलं अमेरिकेत. लॅंगस्ट्रॉथ नावाच्या दुसऱ्या एका पाद्र्याच्या लक्षात आलं, की चौकट आणि भिंत यांत साधारण आठ-नऊ मिलिमीटर फट ठेवली तर माश्या ती मेणाने भरत नाहीत, ये-जा करायला मोकळी ठेवतात. १८५२ मध्ये त्याने पेटंट घेतलं. सुटी निघणारी चौकट आली. न्यूझीलंडमध्ये ती पेटी आणून रुजवली टेम्सच्या आयझॅक हॉपकिन्सने, १८७८ मध्ये. तोवर फाउलब्रूड रोग देशात पसरू लागला होता आणि लोक साबणाच्या, मेणबत्त्यांच्या खोक्यांत माश्या पाळत होते. उघडता न येणाऱ्या खोक्यातला रोग दिसणार कसा? हॉपकिन्सने पुस्तक लिहिलं, मासिक काढलं, गावोगाव सांगितलं. तेवढ्याने भागेना, तेव्हा १९०५ मध्ये सरकारी मधपाळ झाल्यावर कायद्याच्या मागे लागला. १९०६ मध्ये कायदा झाला: पेटी सुट्या चौकटींचीच हवी, आणि रोगी वसाहत नष्ट करायची.

म्हणजे माझ्या हातातली ती आगकाडी आणि पेट्रोलचा डबा, दोन्ही त्या कायद्याच्या वाटेने आलेले.

शनिवारी आबांना घेऊन ऑकलंडला सेंट जॉन्स कॉलेजच्या आवारात गेलो. तिथलं लाकडी चॅपल १८४७ चं, कॉटन निघाला त्याच वर्षातलं. उतरतं छप्पर, काळपट लाकूड, आपल्या कोकणातल्या एखाद्या जुन्या देवळासारखं बुटकं आणि शांत. आबा चपला काढायला वाकले, मग इकडे तिकडे बघून पुन्हा सरळ उभे राहिले. भिंतीवरून हात फिरवला. परत येताना गाडीत त्यांचा एकच प्रश्न, की मग तुझ्या माश्या मारल्यास त्या बरोबर की चूक. मी म्हटलं, शेजारच्या दोन पेट्या वाचल्या ना. यावर ते हूं म्हणाले. पटलं की नाही, मला कळलं नाही. मलाही दर वेळी पटतं असं नाही. ज्या माणसाने उभा जन्म माश्या मारू नका म्हणून सांगितलं, त्याने त्या संध्याकाळी माझ्या जागी काय केलं असतं? चौकट उचलून आत बघायची सोयच त्याला नव्हती. कदाचित भूछत्राचा धूर करून त्याने त्या माश्या शेजारच्या पेटीत मिसळल्या असत्या, आणि दोन्ही गेल्या असत्या.

जूनमध्ये आई-आबा परत गेले. जाताना आबांनी माझ्या कपाटातला जुना जाळीचा टोप मागून घेतला. गावातली दोन पोरं अजून आग्यावर चूड घेऊन जातात म्हणे. त्यांना महाबळेश्वरला नेऊन आणायचं त्यांनी ठरवलं. मांघर हे तिथलं गाव २०२२ पासून मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं, तेही दाखवायचं होतं. पोरं आली का? एक आला. दुसऱ्याने शेवटच्या क्षणी टांग दिली.

सप्टेंबरअखेर आमच्याकडे वसंत लागला आणि एका दुपारी कुंपणाजवळच्या विलोच्या फांदीवर थवा येऊन बसला, नारळाएवढा. कुणाचा कोण जाणे. खाली चादर पसरली, फांदीला झटका दिला, कोऱ्या पेटीत घेतला. चौकटी या वेळी नव्या कोऱ्या, पूर्ण पैसे मोजून आणलेल्या. संध्याकाळी माश्या दाराशी पंख फडफडवून आपल्या मागे राहिलेल्यांना वास देत होत्या, त्याचा व्हिडिओ आबांना पाठवला. लगेच फोन आला. कौतुक नाही, राणी दिसली का तेही नाही. पहिला प्रश्न: पहिल्या अळ्या धरल्या की काडी घालून बघशील ना?